गीत : पारंपरिक

आमच्या व्हिडिओच्या शेवटी काळ्या पडद्यावर पाच पाट्या येत. चार पाट्यांवर आमची नावं होती. उरलेल्या एका पाटीवर लिहिलं होतं, 'गीत : पारंपरिक'. व्हिडिओ करायचं ठरल्यापासून ती पाटी चुकीची आहे हे कळेपर्यंत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत इतरही बऱ्याच चुका झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक संगणकासमोर बसून निस्तरता आल्या. पाटीचं तसं नव्हतं.

2018-19चं वर्ष. पुण्यात जनसंवादाच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष, सहा जणांचा गट, आणि चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करून द्यायचा. गाजलेलं गाणं घ्यायचं नाही हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. आधीच्या तुकडीने एक सिनेगीत वापरलं होतं आणि यूट्यूबवर चढवल्यावर हक्कधारकाचा दावा येऊन त्यांचा व्हिडिओ बंद पडला होता. गाण्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचं असतं. तिन्ही परवानग्या मिळवणं विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा गाणं आपलंच हवं.

गटातल्या एका मैत्रिणीच्या फोनमध्ये जेमतेम मिनिटभराचं एक ध्वनिमुद्रण होतं. भोर तालुक्यातल्या तिच्या गावी, चुलत बहिणीच्या लग्नात हळद दळताना तिची आजी जात्यावर ओव्या म्हणत होती. पाठीमागे बायकांची बोलणी, कुणाचं तरी मूल रडतंय, आणि त्या सगळ्यातून वर येणारा सत्तरी ओलांडलेल्या बाईचा पातळ, सरळ आवाज. ऐकल्यावर कुणी काही बोललं नाही. विषय ठरला.

तिथून आम्ही जे केलं त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. मैत्रिणीने गावाला फोन करून आजीकडून सहा ओव्या उतरवून घेतल्या. गिटार वाजवणाऱ्या मित्राने त्यांना चाल बांधली, मिनिटाला 92 ठोक्यांची लय ठरवली आणि ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीच्या आवाजात गाणं ध्वनिमुद्रित केलं. छान झालं होतं. आता आजीने जात्यावर बसून या गाण्यावर नुसते ओठ हलवायचे, नात शेताच्या बांधावरून चालत गाणार, दोघींची दृश्यं आलटून पालटून दाखवायची. एवढा सगळा आराखडा आम्ही आजीला एकदाही न भेटता कागदावर उतरवला होता.

दिवाळीनंतर भातकापणी उरकली तेव्हा पहिलं शूटिंग झालं. पीठ सांडेल, घर खराब होईल म्हणून आम्ही आजीला रिकामं जातं फिरवायला सांगितलं. ती थांबली. म्हणाली, "रिकामं जातं फिरवू न्हाई, बाळा." आम्ही तिची समजूत काढली, थोडा वेळच आहे म्हणालो. तिने ऐकलं. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं सुरू झालं आणि तिचा हात थांबला. हात सुरू ठेवायला सांगितला, तर ओठ भलतीकडेच. अकरा टेक झाले. प्रत्येक टेकनंतर आम्ही "आजी, अजून एकदा" म्हणत होतो आणि ती पदराने तोंड पुसून पुन्हा खुंट्याला हात घालत होती. शेवटी नातीकडे बघून म्हणाली, "ही माजी चाल न्हाई गं." आम्हाला वाटलं, वयामुळे जमत नसेल.

जमत का नव्हतं ते मला पुढे दोन महिन्यांनी समजलं. जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. ओळ कुठे लांबवायची, श्वास कुठे घ्यायचा, हे हाताला लागणारा दाब ठरवतो. पाळीच्या तोंडात मूठभर दाण्यांचा घास टाकला की जातं जड होतं आणि ओवी सावकाश पडते. दाणा भरडत आला की जातं हलकं होतं आणि ओवी पुढे सरकते. रिकामं जातं दगडावर दगड घासत खरखरतं, दाणे असले की तेच खाली षड्ज धरल्यासारखं घुमतं. आम्ही तिच्या गाण्यातला ताल काढून घेतला, सूर काढून घेतला, वर नातीच्या आवाजात शहरातली चाल वाजवली आणि तिला म्हणालो, आता हे तुमचं गाणं म्हणून दाखवा.

तांत्रिक चुका त्याच दिवशी झाल्या, पण कळल्या डिसेंबरमध्ये, संकलनाला बसल्यावर. सगळ्यात मोठी माझी. आवाज तर मूळ गाण्याचाच वापरायचा आहे, मग उगाच कशाला, असं म्हणून मी कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवायला लावला होता. पार्श्वगीतावर शूटिंग करताना कॅमेऱ्यात उमटलेला कच्चा आवाज हाच संकलकाचा आधार असतो. त्या आवाजाच्या लहरी मूळ गाण्याच्या लहरींवर बसवल्या की टेक काही सेकंदांत जुळतो. आमच्याकडे तो आवाज नव्हता, क्लॅपही दिलेला नव्हता. मग ओठ बघून जुळवायचं. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. दोन-तीन फ्रेमचा फरक पडला तरी गाणारी व्यक्ती खोटी वाटायला लागते. शाळेत पाठ केलेला ओष्ठ्य वर्णांचा गट मला तेव्हा खऱ्या अर्थाने उपयोगी पडला. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतातच, तेव्हा ओठ मिटलेली फ्रेम शोधायची आणि तिच्यावर गाण्यातला 'ब' किंवा 'म' आणून ठेवायचा. 'भाऊ' आणि 'माय' या दोन शब्दांनी माझ्या कित्येक रात्री वाचवल्या. आज मी संकलनाचंच काम करते आणि अजूनही कच्चा आवाज नसलेलं चित्रण आलं की आधी प-वर्ग शोधते.

एवढं करूनही नातीची दृश्यं पहिल्या कडव्यात जुळायची आणि शेवटच्या कडव्यात सुटायची. शोधता शोधता कळलं की शूटिंगनंतर मित्राने गाण्याची लय 92वरून 94 केली होती. ऐकताना फरक जाणवतही नाही. पण चार मिनिटांच्या गाण्यात तो पाच सेकंदांवर जातो. त्याच्याकडे गाण्याच्या सात आवृत्त्या होत्या आणि त्यांतली शूटिंगला कोणती वाजवली हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. गाणं पक्कं झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून कुणासाठीही मोडलेला नाही. मोबाइलवर घेतलेली दृश्यंही अशीच सुटत होती, कारण फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली घेतलेल्या दृश्यांवर आडवे पट्टे सरकत होते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर 1/50 किंवा 1/100वर ठेवलं की पट्टे जातात. आमचं 1/60वर होतं.

आणि स्लो मोशन. 2016मध्ये 'सैराट' आल्यावर आमच्या पिढीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपला नायक किंवा नायिका संथ गतीने धावताना दाखवायची होती. मलाही. नात बांधावरून गात येते ते दृश्य आम्ही सेकंदाला 50 फ्रेमने घेतलं आणि निम्म्या गतीने चालवलं. चाल सुंदर दिसली, ओठ मात्र झोपेत बोलल्यासारखे. संथ गतीत गायलेलं दाखवायचं तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं असतं आणि गाणाऱ्याने त्या वेगाने गायचं असतं. त्याचा सराव आधी करावा लागतो. हे कुठल्याही शिक्षकाने पाच मिनिटांत सांगितलं असतं. आम्ही कुणाला विचारलं नाही.

डिसेंबर संपताना कच्चं संकलन आमच्या शिक्षकांना दाखवलं. त्यांनी पूर्ण पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "ज्या आवाजासाठी तुम्ही हा विषय घेतलात, तो आवाज यात कुठे आहे?"

तो नव्हता. फोनमधल्या त्या एका मिनिटात जे होतं ते चार मिनिटांत कुठेच नव्हतं.

त्या रात्री आम्ही ठरवलं की सगळं उलटं करायचं. आजी आधी गाईल, तिच्या जात्यावर, तिच्या लयीत, दाणे घालून. कॅमेरा आणि माइक एकाच वेळी चालतील. बाकीची वाद्यं नंतर तिच्यामागून येतील. हे नवीन काहीच नाही. 1932मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले. बोलपटाच्या त्या सुरुवातीच्या काळात नटाने कॅमेऱ्यासमोर गायचं आणि साथीदारांनी चौकटीबाहेर बसून वाजवायचं, अशी रीत होती. पार्श्वगायन आलं 1935मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मधून. त्याने नट आणि कॅमेरा दोघांनाही मोकळं केलं, आपलं सगळं सिनेसंगीत त्या मोकळेपणावर उभं आहे. तरी काही गाणी अशी असतात की ती गाणाऱ्याच्या कामापासून सोडवली की मरतात.

जानेवारीत पुन्हा गावी गेलो. या वेळी चौघेच. एक आख्खा दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवला. आजीने ज्वारी निवडली, आम्ही निवडू लागलो. जात्याला बऱ्याच दिवसांत टाकी लावलेली नव्हती, म्हणून पीठ जाडं पडणार, असं तिने आधीच सांगून ठेवलं. गावात गिरणी आल्यापासून जातं निघायचं ते हळदीलाच, म्हणाली. ती सून होऊन आली तेव्हा पहाटे तीनला उठून दळण असायचं. तेव्हा सासू झोपलेली, नवरा झोपलेला. मनातलं मोठ्याने बोलायला दिवसभरात तेवढीच वेळ.

उजेडाचा प्रश्न मोठा होता. जातं होतं आतल्या खोलीत, भिंती धुराने काळ्या झालेल्या, एक दार आणि हातभर खिडकी. भाड्याचे दिवे परवडणारे नव्हते आणि त्या खोलीत ते शोभलेही नसते. 1959च्या 'कागज़ के फूल'साठी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी स्टुडिओत आरसे लावून बाहेरचं ऊन आत घेतलं आणि तो प्रसिद्ध झोत तयार केला, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. अंगणात ऊन होतंच. आजीच्या कपाटाचा आरसा काढून अंगणात लावला, उन्हाची तिरीप दारातून आतल्या भिंतीवर टाकली, आणि तिथे थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून तो उजेड मऊ करून तिच्या चेहऱ्यावर आणला. ऊन सरकतं, तसा दर दहा मिनिटांनी आरसा हलवायचा. एक जण फक्त तेवढंच काम करत होता. उडालेलं पीठ त्या तिरिपेत दिसायला लागलं. पहिल्या शूटिंगला पीठ सांडू नये म्हणून रिकामं जातं फिरवायला लावलं होतं आणि त्या दृश्यात जे काही पाहण्यासारखं होतं ते हे पीठच होतं.

माइक आधी पदराखाली लावला. बांगड्या आणि पदराची खसखस इतकी आली की शब्द ऐकू येईनात. मग जात्यापासून दोन हातांवर पायली उपडी घालून तिच्यावर रेकॉर्डर ठेवला, पीठ आत जाऊ नये म्हणून वरून पातळ ओढणी टाकली. कॅमेरा ट्रायपॉडवर. "आजी, तुम्हाला वाटेल तेव्हा सुरू करा, वाटेल तेव्हा थांबा," एवढंच सांगितलं. तिने दोन-तीन फेरे नुसतेच घेतले, घास टाकला आणि सुरू केलं. चार मिनिटांहून थोडं जास्त ती गात होती. आमच्यापैकी कुणी हललं नाही. तो पहिलाच टेक, आणि अंतिम व्हिडिओत तो एकही काट न घालता आहे.

पुण्याला परतल्यावर खरी कसोटी गिटारवाल्या मित्राची लागली. आजीच्या ओवीला मेट्रोनोम लावता येत नाही. त्याने तीन आठवडे तिचं ध्वनिमुद्रण कानाला लावून काढले. ती घास कधी टाकते, कुठल्या शब्दावर रेलते, हे पाठ केलं आणि मग तिच्यामागे अगदी थोडे, विरळ सूर ठेवले. आधीची चाल त्याने पूर्ण टाकून दिली. इतकी मेहनत करून बांधलेली गोष्ट स्वतःच्या हाताने टाकायला जो मोठेपणा लागतो, तो त्या वयात फार थोड्यांकडे असतो.

फेब्रुवारीत व्हिडिओ दिला. गुण चांगले मिळाले, यूट्यूबवर लोकांनी पाहिला, आवडला. एप्रिलमध्ये आम्ही तो आजीला दाखवायला घेऊन गेलो.

लॅपटॉप ओट्यावर ठेवला. शेजारच्या बायका जमल्या. आजीने सगळा पाहिला, हसलीही. पाट्या आल्यावर विचारलं, काय लिहिलंय. तिला वाचता येत नाही. नातीने एकेक पाटी वाचून दाखवली.

"पारंपरिक म्हंजी?"

"म्हणजे आजी, पूर्वीपासून चालत आलेलं. कुणी रचलं ते कुणाला ठाऊक नसतं, तसं."

"मला ठाव हाय की," आजी म्हणाली. "शेवटच्या दोन वव्या म्या जोडल्यात."

सहापैकी चार ओव्या तिला तिच्या आईकडून आलेल्या. शेवटच्या दोन तिच्या स्वतःच्या. भाऊ मुंबईला गिरणीत होता. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख माणसं त्यात उतरली, आणि त्यांतलाच तो एक. काही महिन्यांनी तो गावी आला तेव्हा बहिणीच्या दारात पहिल्यांदाच रिकाम्या हाताने उभा होता. त्याला आत ये म्हणताना तिला जे बोलता आलं नाही ते तिने दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर म्हटलं. त्या दोन ओव्यांत हे सगळं होतं. आम्ही 'भाऊ' शब्द ऐकला आणि पहिल्या आराखड्यात तिथे भाऊबीजेचं ताट दाखवायचं ठरवलं होतं. जानेवारीत एकच टेक ठेवला म्हणून ते ताट आपोआप गेलं. अर्थ मात्र आम्ही तेव्हाही विचारला नव्हता.

'पारंपरिक' हा शब्द आम्हाला सोयीचा होता. तो लिहिला की परवानगी लागत नाही आणि कुणाला विचारावं लागत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 रचनाकाराला आपलं नाव मागण्याचा हक्क देतं, हे आम्ही परीक्षेसाठी वाचलं होतं. तिथे जो रचनाकार डोळ्यांसमोर येई तो पुस्तक छापलेला असे. जात्यावर बसलेली बाई आमच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नाही.

हे काम नीट कसं करायचं हे पुण्यातल्याच दोघांनी आमच्या आधी दाखवून दिलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातली गावं फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'पारी' हे संकेतस्थळ 2017पासून त्या ध्वनिमुद्रणं आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करत आहे. तिथे ओवीखाली ती म्हणणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, ती काय काम करते ते असतं. व्हिडिओ सुरू करण्याआधी आम्ही तो संग्रह तासभर जरी चाळला असता तरी आजीला पहिल्याच फोनवर विचारलं असतं, ही ओवी कुणाची?

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओतलं चित्र बदलून त्याच जागी दुसरं ठेवता येत नाही. जुना काढायचा, नवा नव्याने चढवायचा, आणि पाहणाऱ्यांचे आकडे, अभिप्राय सगळं जातं. गटात दोन दिवस यावर बोलणं झालं, मग आम्ही तो काढला. नव्या व्हिडिओत पाट्या सुरुवातीलाच येतात. पहिल्या पाटीवर आजीचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव आहे. दुसरीवर लिहिलंय की पहिल्या चार ओव्या तिच्या आईकडून आलेल्या आणि शेवटच्या दोन तिने स्वतः जोडलेल्या. तिचं नाव मी या लेखात घातलेलं नाही, ते तिच्या आवाजासोबत असावं असं मला वाटतं. नवा व्हिडिओ जुन्यापेक्षा कमी लोकांनी पाहिला आहे.

आज माझ्याकडे विद्यार्थी आपली संकलनं घेऊन येतात तेव्हा मी लय, फ्रेम, कच्चा आवाज हे सगळं तपासते, कारण त्याशिवाय काम उभं राहत नाही. त्याआधी शेवटच्या पाट्या बघते. 'पारंपरिक' लिहिलेलं दिसलं की विचारते, कुणाकडून ऐकलंत, आणि त्यांना विचारलंत का?

तुमच्या घरात कुणी ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे म्हणणारं असेल तर फोन जवळ ठेवा आणि आधी त्यांनाच बोलू द्या: नाव, गाव, हे कुणाकडून शिकलात, यातलं तुमचं स्वतःचं कोणतं. मग गाऊ द्या. गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. आमच्या त्या टेकमध्ये ओव्या संपल्यानंतर अर्धा मिनिट नुसतं जातं फिरतंय, आणि मग आजी कुणाला तरी सांगते, पीठ भरून घ्या गं.